हिरव्या जिभेची पंगत

वेंगुर्ल्यात माणसाची नियत जिभेवरून ओळखण्याची पद्धत पूर्वापार होतीच. फरक इतकाच पडला होता, की आता त्यासाठी माणसाने बोलण्याची गरज उरली नव्हती. जीभ बाहेर काढली की भागत होतं.

ती तपासण्याचं काम अच्युतराव कोचरेकर करत. त्यांना ते कुणी दिलं नव्हतं. पण ज्या माणसाने उभी हयात एसटी स्टँडवर माइकसमोर बसून कोणती गाडी कुठे लागतेय हे गावाला सांगितलं, त्याला निवृत्तीनंतर कुणी काही देण्याची वाट पाहत बसता येत नाही. गाड्या विजेवर आल्या, बिनचालकाच्या झाल्या, तरी त्यांत आवाज अच्युतरावांचाच राहिला. 'दारात उभे राहू नका, मागे जागा आहे' असं ते अजूनही रोज दहा गावांतल्या लोकांना खडसावत. स्वतः त्या वेळी घरी झोपलेले असले तरी.

या जीभ प्रकरणाच्या मुळाशी एक प्राणी होता. प्राणी म्हणणंही जरा जास्तच. ओहोटीला बंदराच्या खांबांना, होड्यांच्या तळांना चिकटून बसलेली ती एक थुलथुलीत थैली. दाबली की पाण्याची चिळकांडी मारते, एवढाच तिचा समाजाशी संबंध. शास्त्रज्ञ तिला समुद्री पिचकारी म्हणत. होडी खरवडणारे जे म्हणत ते छापता येत नाही. हा जीव लहानपणी बेडकाच्या पिल्लासारखा पोहतो. त्याला शेपूट असते, पाठीत कण्यासारखा एक दोरा असतो, इवलासा मेंदूही असतो. मग एक दिवस त्याला बरासा खडक सापडतो. त्यावर तो डोकं टेकतो, कायमचा चिकटतो, आणि शेपूट, दोरा आणि बराचसा मेंदू, आता लागणार नाहीत म्हणून, पचवून टाकतो.

"आमच्या मंडळाचा आजीव सभासद," असं अच्युतराव म्हणत.

गंमत होती त्याच्या रक्तात. समुद्राच्या पाण्यात व्हॅनेडियम नावाचा धातू असतो, पण नावापुरता. पिचकाऱ्यांच्या काही जाती तो कणाकणाने वेचून आपल्या रक्तपेशींत साठवतात. समुद्रात असतो त्याच्या लाखो पट, एखादी जात तर कोटभर पट. या पेशींच्या पोटात चक्क गंधकाम्ल भरलेलं असतं आणि धातूला धरून ठेवणारी खास प्रथिनं असतात. हा सगळा उद्योग ती थैली कशासाठी करते, हे भल्याभल्यांना छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. मात्र या धातूला इन्शुलिनची चाल ठाऊक आहे, तो पेशींना साखर आत घ्यायला लावतो, हे जुनंच ज्ञान होतं. अडचण एकच होती. नुसता धातू पोटात गेला की पोट बिघडे आणि जीभ हिरवी पडे.

मग किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेने त्या प्रथिनांचा एक पिंजरा बनवला. धातू त्यात कोंडायचा आणि सुईने रक्तात सोडायचा. साखर वाढली की पिंजरा उघडतो, लागेल तेवढा धातू बाहेर येतो, साखर उतरते, पिंजरा मिटतो. दोन महिन्यांतून एकदा सुई घेतली की झालं. अर्ध्या गावाला मधुमेह होता, त्या अर्ध्या गावाने देवदिवाळीला दिवे लावावेत तसे त्या सुईसाठी दंड पुढे केले. राहता राहिली एक बारीकशी खोड. साखर एकदम उसळली, तर पिंजरे घाईघाईत जास्तच उघडत आणि उरलेला धातू लाळेतून जिभेवर येऊन बसे. दोन दिवस जीभ हिरवीगार. अपाय काही नाही. म्हणजे शरीराला.

पूर्वी चोरून लाडू खाणारा माणूस लाडू संपला की मोकळा होत असे. आता तो दोन दिवस तोंड मिटून हिंडू लागला. सासवा सुनांना आणि सुना सासवांना "जीभ दाखवा बघू" म्हणू लागल्या. नगरपालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवाराने गुलाबी जीभ दाखवून मतं मागितली आणि तो निवडूनही आला. त्याला मधुमेह नव्हताच, हे मागाहून कळलं.

अशा काळात सागरतीर ज्येष्ठ मित्रमंडळाचे अध्यक्ष या नात्याने अच्युतरावांनी 'हिरवी पंगत' काढली. मंडळाचं जेवण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी असे. दारात अच्युतराव एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात माइक घेऊन उभे राहत. गुलाबी जिभा उजव्या पंगतीला, हिरव्या डाव्या. डाव्या पंगतीला सगळं वाढलं जाई, फक्त गोड नाही. त्याऐवजी अध्यक्षांचं एकेक वाक्य माइकवरून मिळे. लोक पोट धरून हसत. ज्याच्यावर वाक्य पडे तोही हसे, कारण न हसून काय करणार? आणि पुढच्या महिन्यात तो उजवीकडे असे नि दुसरा कुणी डावीकडे. प्रत्येकाची पाळी येई.

अच्युतरावांची कधी आली नाही.

याचं कारण आंघोळीच्या मोरीत, दात घासायच्या पावडरीमागे ठेवलेलं होतं. ती एक छोटी बाटली होती आणि तिच्यात कोकमाचं आगळ होतं, गडद लाल, खारट-आंबट रस. खोबऱ्याच्या वड्या, करंज्या, शेजारच्यांच्या सत्यनारायणाचा शिरा, काही असो; अच्युतराव खाऊन झाल्यावर आगळाची एक चूळ तोंडात घोळवत आणि ब्रशाने जीभ चोळत. हिरव्यावर तो लाल बसला की जो मातकट रंग येई, तो सत्तरी ओलांडलेल्या कोणाही प्रामाणिक माणसाच्या जिभेला शोभावा असाच होता. त्यांना याची लाज वाटत नसे. आगळ पित्तावर चांगलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, आणि स्वतःवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

त्या रविवारी जेवणात जिलबी होती. उजव्या पंगतीत बरीच गर्दी झाली होती. रांगेत शेवटी अच्युतरावांची बायको कुमुद उभी होती. तिलाही सुई चालू होती, पण ती गोडाला शिवत नसे. तिची जीभ तपासणं म्हणजे निव्वळ उपचार. अच्युतरावांनी सवयीने टॉर्च लावला.

जीभ हिरवी होती. फिकट-बिकट नाही, शेवाळलेल्या विहिरीसारखी हिरवी.

त्यांनी टॉर्च विझवला. बाकी कुणी पाहिलं नव्हतं. "चल पुढे" एवढे दोनच शब्द पुरेसे होते, आणि ते जिभेवर आलेही. तेवढ्यात डाव्या पंगतीतून दत्ताराम आरोलकर ओरडला, "काय हो अध्यक्ष, टॉर्च विझला की विझवला? घरचा न्याय बघू दे आम्हाला!"

साठ-सत्तर डोकी वळली. अच्युतरावांच्या हातात माइक होता. माइक हातात असला की त्यांना दुसरं काही सुचत नसे.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," ते आपल्या स्टँडवरच्या आवाजात म्हणाले. "कोचरेकरांच्या स्वयंपाकघरातून चोरवाटेने सुटलेली साखर फलाट क्रमांक दोनवर, डाव्या बाजूला, लागत आहे."

छप्पर उडेल असा हशा झाला.

"मी काही खाल्लं नाही," कुमुद म्हणाली.

"विनातिकीट प्रवासी हेच म्हणतात," अच्युतराव माइकवरून म्हणाले.

पुन्हा हशा. कुमुदने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग ती डाव्या पंगतीत दत्तारामशेजारी जाऊन बसली, भात-वरण कालवलं आणि बराच वेळ नुसतं कालवतच राहिली.

घरी आल्यावर अच्युतरावांनी चोराचा शोध घ्यायचं ठरवलं. फळीवरचा वड्यांचा डबा उघडला. वड्या कमी होत्या हे खरं, पण किती कमी आणि कुठे गेल्या हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गुळाची ढेप शाबूत. साखर शाबूत. चोर सापडत नाही म्हणून पोलिसाने आरशात पाहावं आणि ओळख न दाखवता पुढे जावं, तसं काहीसं झालं.

मंगळवारी जीभ हिरवीच. शुक्रवारीही हिरवी. कुमुद चहासुद्धा बिनसाखरेचा, तोही अर्धाच, पीत होती. बोलणं होय-नाहीपुरतं. दुपारी चपला घालून "भजनाला जाते" म्हणून जाई ती दिवेलागणीला परते. बायको देवाच्या नावाखाली कुठे गोडधोड हाणते, याचा छडा लावायला हवा, असं म्हणत अच्युतराव आरोग्य केंद्रात डॉक्टर मृण्मयी पिंगुळकरांकडे गेले. त्या सुई देत. वयाने लहान, पण कुणाला हसत नसत.

"डॉक्टर, तुमच्या औषधात फॉल्ट आहे किंवा माझ्या बायकोत. पाच-सहा दिवस झाले, जीभ हिरवी ती हिरवीच."

"काकू काय खातात?"

"म्हणते काहीच नाही."

"मग काहीच खात नसतील." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, रक्तात साखर फक्त तोंडातूनच येते असं नाही. माणूस घाबरला, कसल्या काळजीत पडला, की शरीर यकृतात साठवलेली साखर बाहेर काढतं. पळायला ताकद हवी म्हणून. त्याला वाटतं वाघ आला."

"आमच्याकडे वाघ नाही."

"मग काय आहे?"

अच्युतरावांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला.

"सुई देताना मी हे सगळ्यांना सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा शेजारच्यांना काहीतरी विनोद सांगत होतात."

बाहेर पडल्यावर ते घरी जायला निघाले आणि बंदरावरच जाऊन थांबले. ओहोटी होती. खांबांवर त्या थैल्या ओळीने बसल्या होत्या, जेवायला बसल्यासारख्या. अच्युतरावांच्या डोळ्यांसमोर गेल्या दोन वर्षांची डावी पंगत आली. दत्तारामची बायको गेली त्यानंतर महिनाभराने तो हिरवी जीभ घेऊन आला होता. "बाराव्याची खीर अजून संपली नाही वाटतं," असं ते माइकवरून म्हणाले होते. दत्ताराम हसला होता. सगळ्यांत मोठ्याने हसला होता. पोरगा परदेशातून बोलत नाही म्हणून झुरणारी ती पेडणेकरीण. कोर्टाची तारीख असलेला तो मास्तर. यांच्यातल्या कितीजणांनी खरंच लाडू खाल्ला होता? लाडू खाणारा एक माणूस मात्र पक्का ठाऊक होता, आणि तो कधी डावीकडे बसला नव्हता.

एका थैलीने त्यांच्या पायावर पाणी उडवलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

घरी आले तेव्हा कुमुद मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती. मांडीशी आगळाची मोठी बरणी, हातात गाळणं, आणि ती त्या छोट्या बाटलीत जपून आगळ ओतत होती.

अच्युतराव दारातच थबकले. बाटली आपल्याला इतकी पुरते कशी, हा प्रश्न त्यांना दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता. ती कधी संपलीच नव्हती.

"हे कुणासाठी?" त्यांनी विचारलं. दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं, पण हेच तोंडातून आलं.

"तुमच्यासाठी. तळाला गेलं होतं." तिने बूच लावलं, बाटली फडक्याने पुसली.

"तुला माहीत होतं."

"पंच्यावर डाग पडतात, ते कोण धुतं?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? माइक हाताच्या अंतरावर होता."

"काय बोलू?" कुमुद उठली. "तुमची जीभ धुऊन सगळ्यांना दाखवू? मग आपल्या घरातली दोन माणसं तिथे हसण्यावारी गेली असती. एक गेलं तेवढं पुरे नाही?"

अच्युतराव उंबऱ्यावर बसले. तिची जागा अजून उबदार होती.

"कुमुद, कसली काळजी आहे तुला? भजनाला जात नाहीस तू."

तिने बरणीच्या तोंडावर फडकं बांधलं. "वामन कुडाळला इस्पितळात आहे. मूत्रपिंडं गेलीत. मशीनवर आहे."

वामन तिचा धाकटा भाऊ. या घरात त्याचं नाव वीसेक वर्षं कुणी काढलं नव्हतं, कारण अच्युतरावांनी तसं जाहीर केलं होतं. शर्वरीच्या, त्यांच्या मुलीच्या, लग्नातली गोष्ट. वधूपिता स्वतः ताट घेऊन जिलब्यांचा आग्रह करत फिरत होता. मामा पंगतीत बसलेला. त्याने पानावर हात आडवा धरला. एवढ्याने कोकणात कुणी थांबत नाही. आग्रह तिथून सुरू होतो. अच्युतरावांनी हाताच्या बोटांवरच दोन जिलब्या ठेवल्या आणि आपल्या त्या आवाजात मांडवाला ऐकवलं, "मामांना भाचीची जिलबी गोड लागत नाही, नोंद घ्यावी!" वामन भरल्या पानावरून उठला आणि निघून गेला. पानावरून उठलेल्या माणसाला या उंबऱ्याच्या आत जागा नाही, असं अच्युतरावांनी त्याच दिवशी सांगून टाकलं.

"त्याला तेव्हाच साखर होती," कुमुद म्हणाली. "खूप होती. त्याच्या मुलीची, मंजूची, सोयरीक चालली होती. घराण्यात साखर आहे कळलं तर मोडेल म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं आणि शपथ घातली. ही सुई आली ती त्याच्या उपयोगाला फार उशिरा आली."

"वीस वर्षं तू..."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माइकवर घेतलं असतं."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर अच्युतरावांना उत्तर सुचलं असतं. तिने ते 'उद्या पाणी येणार नाही' म्हणावं तसं म्हटलं.

"मी येतो उद्या," ते म्हणाले.

"कशाला? त्याला हसवायला?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युतराव चहा न घेताच निघाले. घशाखाली काही उतरत नव्हतं. निघण्याआधी दाढी करताना त्यांनी सहज जीभ बाहेर काढली आणि आरशात पाहतच राहिले. आदल्या दुपारपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि जीभ अळूच्या पानासारखी हिरवी झाली होती. शरीराला वाटलं होतं वाघ आला. वाघ आरशात उभा होता, अर्ध्या गालाला साबण लावून.

कुडाळच्या गाडीत कुमुदने पिशवीतून ती छोटी बाटली काढून त्यांच्या हातात ठेवली.

"घ्या. तिथे मंजू असेल, जावई असतील. बरं दिसायचं नाही."

तिच्या आवाजात टोमणा शोधायचा त्यांनी प्रयत्न केला. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तो नव्हता. दोन वर्षं जशी तिने बाटली भरली, तशीच ती देत होती. त्यांनी ती मुठीत धरली. वाटभर धरली. डोक्यावरच्या कर्ण्यातून त्यांचाच तरणा आवाज थांब्यांची नावं सांगत होता, प्रवाशांना शिस्त लावत होता. इतका ठणठणीत, स्वतःविषयी इतका निःशंक, की अच्युतरावांना तो बंद करावासा वाटला. पण गाडीत चालकच नव्हता, सांगणार कुणाला?

कुडाळ आलं. त्यांनी बाटली सीटवर ठेवली आणि उठले.

"उतरताना आपले सामान विसरू नका," त्यांचा आवाज म्हणाला.

कुमुदने बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अच्युतराव उतरले.

वामन ओळखू येत नव्हता. लग्नात मांडवाचा खांब एकट्याने उचलणारा माणूस, तो उशीवर नुसता ठेवल्यासारखा दिसत होता. मंजू खुर्चीवरून उठली आणि बाजूला झाली. वामनने डोळे उघडले.

अच्युतरावांनी वाटेत वाक्यं जुळवली होती. चांगली होती. पण ज्या तोंडाने ती बोलायची त्या तोंडाने आजवर जे जे म्हटलं ते सगळं एकदम आठवलं आणि शब्द फुटेना. मग त्यांनी तेच केलं, जे त्यांनी साऱ्या गावाला करायला लावलं होतं. खाटेशी वाकून जीभ बाहेर काढली. मंजूसमोर, जावयासमोर, दारातल्या नर्ससमोर.

वामनने ती जीभ नीट पाहिली.

"भावोजी," तो म्हणाला. आवाज सुकल्या पानासारखा. "किती जिलब्या?"

"एकही नाही."

"ताईची पण अशीच आहे." तो थांबला, दम घेतला. "रोज इथे बसून म्हणते, काही नाही झालं."

अच्युतराव बोलले नाहीत. हे त्यांच्या आयुष्यात इतक्या कमी वेळा घडलं होतं, की कुमुदने खिडकीकडे तोंड फिरवलं.

नर्सने पेजेची ताटली आणली. मंजू घेणार तेवढ्यात अच्युतरावांनी हात पुढे केला. ते खाटेच्या कडेवर टेकले, चमचा भरला आणि वामनच्या तोंडाजवळ नेला. वामनने सुयांनी काळानिळा पडलेला हात सावकाश उचलला आणि ताटलीवर आडवा धरला.

अच्युतरावांच्या ओठांवर जुन्या सवयीने 'अहो, एक घास' आलं. ते त्यांनी गिळलं. दिवसभरात घशाखाली उतरलेली ती पहिली गोष्ट.

"बरं," ते म्हणाले, आणि चमचा परत ताटलीत ठेवला. ताटली मांडीवर धरून तसेच बसून राहिले.

वामन वाट पाहत होता. आग्रह येईल म्हणून हात अजून तसाच आडवा होता. तो आला नाही. पेजेवर साय धरू लागली.

मग त्याने हात बाजूला घेतला.

"वाढा," तो म्हणाला. "थोडीच."